बाळ काचेत, बाप पार्किंगात

गेल्या अंकात कमी दिवसांच्या बाळाला आईचं दूध कसं द्यायचं, ते लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत दुधाबद्दल फार थोडी आहेत. बाकी सगळी ज्यांचं लेकरू काचेत, म्हणजे दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत, आहे किंवा होतं, त्यांच्या झोपेबद्दल, भांडणांबद्दल, न सांगता येणाऱ्या भीतीबद्दल. नागपुरात एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, मी सिस्टर म्हणून सत्तावीस वर्षं नोकरी केली, त्या भरवशावर तीन पत्रांना उत्तरं देते.

प्रश्न : सिस्टर, आमचा मुलगा तिसाव्या आठवड्यात झाला. जन्माचं वजन १,२४० ग्रॅम. आज एकोणिसावा दिवस, धंतोलीत एका दवाखान्यात काचेत आहे. मी हिंगणा एमआयडीसीत शिफ्टला असतो. ड्यूटी सुटली की सरळ तिकडेच जातो, पण आत जात नाही. औषधं आणतो, रिपोर्ट आणतो, बाकी वेळ पार्किंगमध्ये गाडीवर बसून राहतो. आत दोनदाच गेलो. दोन्ही वेळा मशीन वाजलं, नर्स धावत आली, मला वाटलं माझ्यामुळेच झालं. बायको टाके ओले होते तेव्हापासून जिने चढून जाते, दर तीन तासांनी दूध काढून देते. तिला मी सांगतो, मेडिकलवर गर्दी होती. परवा ती म्हणाली, तुम्हाला तो आपला वाटतच नाही का? मी काही बोललो नाही. रात्री घरी इन्व्हर्टर वाजला तरी दचकून उठतो. आई म्हणते, माणसानं एवढं मनाला लावून घेऊ नये. मी असा काऊन होऊन राहिलो?
– एक बाबा, मानेवाडा

उत्तर : भाऊ, तुमचं पार्किंग मला चांगलं माहीत आहे. आमच्या वॉर्डाच्या खिडकीतून पार्किंगच दिसायचं. संध्याकाळी सहाच्या सुमाराला दोन-तीन बाबा तरी तिथे असायचेच. गाडी स्टँडवर, माणूस आडवा बसलेला, हेल्मेट मांडीवर आणि तोंड इमारतीकडे. कोणती गाडी कोणत्या बेडची, हेही आम्हाला कळायला लागायचं. ज्याला लेकरू आपलं वाटत नाही, तो त्या उन्हात इमारतीकडे तोंड करून तीन तास बसत नाही. हे वाक्य तुमच्या बायकोला वाचून दाखवा.

आता मशीनचं. पहिल्या दिवशीच हे कोणीतरी समजावून सांगायला पाहिजे होतं. बाळाच्या पायाला लाल दिव्याचा छोटा पट्टा बांधलेला असतो. बाळानं पाय झटकला, पट्टा सरकला, की मशीन बोंबलतं. दिवसभरात वाजणाऱ्या घंट्यांतल्या कितीतरी अशाच असतात. आकड्यांचंही तसंच. बाप लोक त्या ऑक्सिजनच्या आकड्याकडे शंभर कधी होतात म्हणून टक लावून बसतात. ऑक्सिजन चालू असलेल्या कमी दिवसांच्या बाळाचा आकडा आम्ही साधारण ९० ते ९५ मध्येच ठेवतो. शंभर मुद्दामच नको असतात, कारण जास्तीचा ऑक्सिजन डोळ्यांच्या पडद्याला बाधतो. म्हणजे ९२ बघून तुमच्या पोटात गोळा येत होता, तेव्हा सिस्टर मनात म्हणत असेल, वा, मस्त.

काही घंट्या खऱ्याही असतात, ते लपवत नाही. तुमचा मुलगा आज पोटात असता तर तेहेतिसाव्या आठवड्यात असता. या वयात श्वास घ्यायचं भान मेंदूला अजून पुरतं आलेलं नसतं. मधेच श्वास थांबतो, वीस सेकंदांच्या वर गेला तर नाडीही मंदावते. म्हणून सिस्टर धावते, तळपायाला टिचकी मारते, आणि बहुतेक वेळा तेवढ्यानं गाडी परत सुरू होते. यासाठी जे औषध देतात ते कॅफीन, आपल्या चहा-कॉफीतलंच. एका बाबाला हे सांगितलं तर तो खुदकन हसला. म्हणाला, म्हणजे माझ्यावरच गेला, चहाशिवाय चालत नाही. अकरा दिवसांत पहिल्यांदा हसताना पाहिला मी त्याला. चौतीस-छत्तीस आठवडे भरेपर्यंत बहुतेक लेकरांचं हे श्वास थांबणं आपोआप जातं. तुम्ही आत पाऊल टाकल्यानं ते सुरू होत नाही.

पुढच्या वेळी घंटा वाजली की सिस्टरकडे नीट बघा. ती आधी मशीन बघत नाही, आधी बाळ बघते. रंग गुलाबी आहे का, छाती हलते आहे का. मग मान वर करून आकडा. आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलेली गोष्ट ही. तुम्हीही तसंच करा. तुम्ही दोन्ही वेळा आत जाऊन मशीनच बघून आलात, असं पत्रावरून वाटतं. त्याचे कान कसे आहेत, हे पत्रात कुठेच नाही.

यात तुमची चूक कमी आणि आमची जास्त आहे. माझीच एक सांगते. १९९६ चा उन्हाळा. तेव्हा बापाला आत सोडतच नसत, संध्याकाळी अर्धा तास पडदा सरकवून काचेतून दाखवायचो. एक बाबा कसा कोण जाणे, आत आला आणि पेटीच्या खिडकीत हात घालायला लागला. मी ओरडले, 'बाजूला व्हा, हात लावू नका, इन्फेक्शन होतं.' वॉर्डभर ऐकू गेलं. त्यानंतर तो माणूस सदतीस दिवस रोज आला, पण काचेपाशी फिरकला नाही. घरी सोडायच्या दिवशी गुंडाळलेली पोर मी त्याच्यापुढे धरली, तर हात मागे घेऊन म्हणाला, 'तुम्हीच द्या तिच्या आईकडे. तुम्ही म्हटलं होतं ना, हात लावू नका.' त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

मार्गारेट माइल्स नावाच्या अमेरिकन नर्सनं आणि तिच्या सोबतिणींनी १९९३ साली अशा आईबापांसाठी एक प्रश्नावली छापली. यंत्रं आणि आवाज, बाळाचं दिसणं-वागणं, आणि आई किंवा बाप म्हणून आपलं काम हातातून जाणं, या तिन्हींचा त्रास त्यात वेगवेगळा मोजतात. नंतर देशोदेशी ती वापरली गेली, आणि बहुतेक ठिकाणी सगळ्यात जड भरलं ते तिसरंच. आपण कशालाच लागत नाही, हे. आईला निदान दूध काढायचं काम असतं. तिचा त्यात जीव जातो, पण ती काहीतरी देत असते. बापाला आपण काय दिलं? चिठ्ठी. जा, हे घेऊन ये. मग तो चिठ्ठीलाच धरून बसतो, दुसरं काय करणार? तुमच्या आईला सांगा, मनाला लागलं म्हणूनच तुम्ही बाप आहात. इन्व्हर्टरच्या आवाजानं दचकणंही त्यातलंच. शरीर अजून पहाऱ्यावर आहे.

तर उद्या हे करा. ड्यूटीवरून थेट जाऊ नका, आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून जा, पुढून बटणं उघडणारा. सेंट, पावडर नको. तंबाखूचा खर्रा खात असाल तर तो घरीच राहू द्या. तोंडाचा आणि बोटांचा तो वास बाळाजवळ चालत नाही. हातातला दोरा, कडं, अंगठी, घड्याळ काढायचं. कोपरापर्यंत साबणानं हात धुवून, कोरडे करून, थोडे चोळून गरम करायचे. मग सिस्टरला विचारायचं, 'मी कसा हात लावू?' 'लावू का' नाही, 'कसा' विचारा.

ती दाखवेल, तरी मी सांगते. आपण मोठ्या बाळाला बोटानं हळू हळू गोंजारतो ना, ते इथे करायचं नाही. इतक्या लहान बाळाची कातडी पातळ, तिला ते गोंजारणं टोचतं, मग ते अंग ताणतं, बोटं पसरतं. एक तळवा डोक्याच्या मागून टोपीसारखा धरायचा. दुसऱ्या तळव्यात दोन्ही पावलं पोटाकडे दुमडून घ्यायची. आणि हलायचं नाही. दाबायचं नाही, थोपटायचंही नाही. पोटातल्या भिंतीसारखं नुसतं असायचं. पहिलं मिनिट तुमचेच हात थरथरतील. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला त्याची मुठीतली बोटं सैल पडतात, कपाळावरची आठी जाते. हे बघायला मशीन लागत नाही. निघताना हात झटकन काढू नका, आधी पावलांचा, मग डोक्याचा, सावकाश.

चार दिवस हे जमलं की डॉक्टरांना कांगारूबद्दल विचारा. बाळाला टोपी आणि लंगोट घालून उघड्या छातीवर उभं धरायचं, वरून शर्ट किंवा पट्टा. बायांचंच काम समजू नका, बापाची छाती तितकीच गरम असते आणि केसांची अडचण होत नाही. १९७८ च्या सुमाराला कोलंबियात, बोगोटाच्या एका दवाखान्यात पेट्या पुरत नव्हत्या, एकेका पेटीत दोन-दोन लेकरं ठेवायची वेळ आली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी बाळं आयांच्या छातीवर द्यायला सुरुवात केली. अडचणीतून निघालेली गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत ती तपासली, आपल्याकडे दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात. १ ते १.८ किलोच्या आतल्या ज्या बाळांना जन्मल्यावर लगेच छातीवर घेतलं, त्यांचे पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू, स्थिर होईपर्यंत थांबलेल्या बाळांपेक्षा २५ टक्क्यांनी कमी होते. २०२१ मध्ये हे छापून आलं. एकदा बसलात की तास तरी उठायचं नाही, कारण उचल-ठेव केल्यानंच बाळ दमतं. म्हणून आधी लघवीला जाऊन या, मोबाइल बाहेर ठेवा.

कोणी म्हणालं, आमच्याकडे बापाला सोडत नाहीत, तर गोड बोलून पण परत विचारा. सरकारी नवजात कक्षांसाठी २०१७ मध्ये केंद्रानं मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत आईबापांना शिकवून बाळाच्या सेवेत घ्यावं असं स्पष्ट आहे. खाजगीवाल्यांनाही ते काही अवघड नाही.

राहिली तुमच्या पत्रातली शेवटची ओळ. तुम्ही ती खोडली, पण 'बिल' आणि 'हिचं मंगळसूत्र' एवढं उजेडात धरल्यावर वाचता आलं. पार्किंगात बसण्यात याचाही वाटा आहे ना? काउंटरवरून हाक येईल म्हणून. रोजचा हिशेब रोज लेखी मागा, त्यात लाजायचं काही नाही. त्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं, म्हणजे सरकारी योजनेची माहिती देणाऱ्याचं, टेबल असेल तर रेशनकार्ड घेऊन विचारा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमचं बसतं का. आणि बाळ स्थिर असेल तर डॉक्टरांनाच स्पष्ट विचारा, सरकारीत हलवता येईल का. डागा, मेडिकल कॉलेज, मेयो, या तिन्ही सरकारी दवाखान्यांत नवजात कक्ष आहेत, आणि २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी बाळाचा सरकारी उपचार मोफत आहे, आता वर्षाच्या वयापर्यंत. हलवायचं की नाही, हे मी इथे बसून सांगणार नाही. पण मंगळसूत्र गहाण पडलं असेल आणि ते बायकोला माहीत नसेल, तर आज रात्री सांगा. तिला 'मेडिकलवर गर्दी होती' यापेक्षा ते ऐकणं सोपं जाईल.

प्रश्न : माझा नातू एक्केचाळीस दिवस काचेत राहून घरी आला, त्याला महिना झाला. आता सव्वादोन किलोचा आहे, दूध पितो, रडतो, सगळं करतो. पण सून झोपत नाही. रात्रभर दिवा लावून त्याच्या नाकाशी बोट धरून बसते, श्वास लागतो का बघते. मी घेते म्हटलं तर देत नाही. जेवण नाही, बोलणं नाही. मुलगा म्हणतो, आता सगळं ठीक झालं ना, मग काय रडते? मला तर नजर लागल्यासारखं वाटते.
– एक आजी, सक्करदरा

उत्तर : बाई, एक्केचाळीस दिवस त्या लेकराचा श्वास मशीन मोजत होतं. घरी येताना मशीन तिथेच राहिलं आणि तुमची सून मशीन झाली. लेकरू आत असताना बाई रडत नाही, पळत असते. घरी येऊन दार लावलं की मग सगळं अंगावर येतं. त्यामुळे 'आता सगळं ठीक झालं' हे वाक्य तुमच्या मुलाला काही दिवस बंद ठेवायला सांगा. तिच्यासाठी आत्ता कुठे सुरू झालंय.

तुमच्याकडून एक काम हवं आहे. रात्री अकरा ते तीन, तो पहारा तुमचा. 'मी घेते, तू झोप' असं म्हणू नका, तसं ती देणार नाही. पहिल्या दोन रात्री तिच्या शेजारी बसा, ती काय बघते ते शिकून घ्या. छाती कशी वरखाली होते, ओठांचा रंग कसा असतो, या बाळांचा श्वास पाच-सात सेकंद थांबून परत कसा चालू होतो. तिला पटलं पाहिजे की आजी तिच्याइतकंच बघते. तिसऱ्या रात्री ती आपणहून आडवी होईल. मधल्या वेळचं दूध तिनं आधी काढून फ्रीजमध्ये ठेवायचं, तुम्ही वाटी कोमट पाण्यात धरून बोंडल्यानं पाजायचं. उकळायचं नाही. बोंडलं दर वेळी उकळून घ्या.

दृष्ट काढायची तर काढा, मीठ-मोहरीनं कोणाचं काही बिघडत नाही. पण धुरी नको, आणि शेगडीचा शेकही त्या खोलीत नको. याची फुप्फुसं धुराला तयार नाहीत. याबाबतीत माझी माझ्या सासूबाईंशीही भांडणं झाली आहेत.

आता थोडं काळजीचं. न जेवणं, न बोलणं, वेळ मिळाला तरी झोप न लागणं, हे दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल, आणि तुमच्या पत्रावरून चाललंच आहे, तर तिला डॉक्टरांना दाखवायचं. बाळाच्या नाही, तिच्या. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला १९८७ पासून दहा प्रश्नांचा एक साधा कागद जगभर वापरतात, मागच्या सात दिवसांत कसं वाटलं एवढंच त्यात विचारतात. शेवटचा प्रश्न स्वतःला काही करून घ्यावंसं वाटलं का, हा असतो. तो प्रश्न घरीही विचारता येतो, तुम्ही विचारा, विचारल्यानं कोणाच्या डोक्यात ते येत नाही. उत्तर 'हो' असेल तर तिला एक क्षण एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्री-बेरात्री बोलायला सरकारचा टेली मानस नंबर आहे, १४४१६, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तिनं नाही केला तर तुम्ही करा. आणि तुमच्या मुलाला एकदा विचारा, तो झोपतो का.

जाता जाता, फाइल काढून बघा. दोन किलोच्या आत किंवा चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची पहिली तपासणी महिन्याच्या आत व्हायला लागते, आणि पुष्कळदा पुन्हा बोलावलेलं असतं. घाईगर्दीत ती तारीख चुकलेली मी फार वेळा पाहिली आहे. चुकली असेल तर उद्याच जा.

प्रश्न : ताई, माझी मुलगी आठ दिवसांची आहे, काचेत आहे. रोज सकाळी सासरचे, माहेरचे, सगळ्यांचे फोन, 'वजन किती झालं?' वजन तर कमी होऊन राहिलं. मला वाटते माझं दूधच पुरत नाही. बाराव्या दिवशीचं बारसंही राहणार. फोन उचलायची भीती वाटते.
– एक आई, इतवारी

उत्तर : पोरी, फोन तू उचलायचाच नाहीस. तुझा भाऊ असेल, दीर असेल, एकाला हे काम दे. रात्री घरच्या ग्रुपवर त्यानं एक ओळ टाकायची, 'बाळ ठीक, आई ठीक.' ग्रॅम लिहायचे नाहीत.

वजन पहिल्या आठवड्यात सगळ्याच बाळांचं उतरतं. अंगातलं जास्तीचं पाणी जातं. कमी दिवसांच्या बाळाचं जन्माच्या वजनाच्या पंधरा टक्क्यांपर्यंतही उतरतं आणि दोन आठवड्यांच्या आसपास भरून येतं. तुझ्या दुधाचा त्यात दोष नाही. नंतरही दिवसाचं वाढणं म्हणजे किलोमागे पंधरा-वीस ग्रॅम. हाताला सलाईनची पट्टी बांधलेली असली-नसली तरी काट्यावर तेवढा फरक पडतो. आठवड्याचा आकडा बघ, रोजचा नको.

बारशाला पाळणा, घुगऱ्या, आत्या सगळं लागतं, ते नंतर होईल. नाव ठेवायला काही लागत नाही. आत्ता तिच्या पायातल्या पट्टीवर 'बेबी ऑफ' आणि पुढे तुझं नाव आहे, हो ना? नाव ठरलं असेल तर उद्या सकाळच्या सिस्टरला सांग, ती चिकटपट्टीवर लिहून पेटीला लावेल. मार्कर बहुतेक ट्रॉलीच्या वरच्या खणात असतो.